रजईचा मोकळा काठ

१

टिटवी परत आली त्या दिवसापासून तिची सकाळ बाबांच्या रजईनं सुरू व्हायची. आधी खिडकी उघडायची, मग बाबांना कुशीवर वळवून चादर ताणायची, आणि शेवटी रजई पायांकडून धरून एकदा हवेत उडवून पुन्हा त्यांच्या अंगावर बसवायची. रजई खाली येताना तिच्यातून ऊबदार वारा सुटायचा. त्या वाऱ्याला तुझ्या आईचा वास येतो, असं बाबा म्हणायचे. टिटवीला नुसता कापसाचा आणि मलमाचा वास यायचा, पण ती हो म्हणायची.

टिटवी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. लहानपणी पहाटेच घर डोक्यावर घ्यायची म्हणून आत्यानं ते ठेवलं. पोरगी पुढे दूरदेशी जाऊन कापडाच्या कामातली मोठी पदवी घेऊन आली, तरी नाव काही गळून पडलं नाही. तिकडे चालून आलेली नोकरी तिनं नाकारली होती. आईनं आणि आत्यानं मिळून उभं केलेलं रजयांचं शिवणघर बंद पडू द्यायचं नाही, आणि बाबांना पुन्हा पायांवर उभं करायचं, अशी दोन कामं मनाशी धरून ती आली. पहिलं अवघड जाईल असं तिला वाटलं होतं. अवघड निघालं ते दुसरं.

बाबा सुतार. सगळी हयात उभ्यानं रंधा मारण्यात गेली. खोलीतला पलंग त्यांनीच केलेला, भिंतीत पक्कं ठोकलेलं उंच कपाटही त्यांचंच. आई गेली आणि त्यांनी पलंग धरला. डॉक्टरांनी हातपाय वाकवून पाहिले, छातीला नळी लावली आणि दाराबाहेर येऊन सांगितलं, "बिघाड असा काहीच नाही. पण पाय बघा, काठ्या झाल्यात. उठले नाहीत तर हे काही फार दिवस काढायचे नाहीत."

बाबा उठत नव्हते. उजव्या मुठीत रजईचा काठ धरून छताकडे बघत पडून राहायचे.

ती रजई आईनं आजारपणात केलेली. मधला भाग गडद निळा, त्यावर आईचे बारीक, दाट टाके, जणू मुंग्यांची रांग शिस्तीत चालली आहे. भोवतीनं वीतभर रुंदीचा फिक्या पिवळ्या रंगाचा काठ, आणि काठाच्या कडेला शेवटचा गोट, कड बंद करणारी दुमडपट्टी. काठावर मात्र एकही टाका नव्हता. वरचं कापड, आतला कापूस आणि खालचं अस्तर तिथे एकमेकांना धरून नव्हते. चारी बाजूंनी काठ पोकळ नळीसारखा मोकळा होता.

त्या सकाळी रजई बसवताना पायाकडच्या काठात टिटवीच्या हाताला काहीतरी लागलं. लिंबाएवढा उंचवटा. कापसाचा गोळा, दुसरं काय. तिनं बोटांनी तो विस्कटून सपाट करायला घेतलं.

तो विस्कटला नाही. बाजूला झाला.

२

"कापूस सरकलाय," आत्या मान वर न करता म्हणाली. बाबांच्या खोलीला लागूनच असलेल्या शिवणघरात ती रजई ताणायच्या लाकडी चौकटीला बसून एका लग्नाच्या रजईचा मधला भाग टाक्यांनी भरत होती. "काठ न भरता गोट लावला की दुसरं काय होणार?"

"रजईला पोट सुटतं," पलीकडून चष्मेवाली म्हणाली. ती शिवणघरातली सगळ्यात जुनी बाई. एक चष्मा नाकावर आणि दुसरा कपाळावर ठेवून बसायची, आणि कोणता कशासाठी हे तिला विचारायची सोय नव्हती. "आमच्या ह्यांना सुटलंय तसं. मीही त्यांना वेळेवर टाके घालायला हवे होते."

"तोंडाला घातले असते तर जास्त उपयोग झाला असता," आत्या म्हणाली.

टिटवी हसली, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. "आत्या, आपण नेहमी मधून सुरू करतो ना?"

"मधून बाहेर. हात फिरवत, कापूस पुढे लोटत. जे जास्तीचं असेल ते कडेला येतं. मग काठ भरायचा, कडेनं बाहेर आलेला कापूस काढून टाकायचा आणि सगळ्यात शेवटी गोट. हे तुला तिकडे शिकवलं नसेल तर फी परत माग."

"मग आईनं काठाआधी गोट कसा लावला?"

चष्मेवालीनं सुई थांबवली. आत्याची चालूच राहिली.

"बरं नव्हतं तिला," आत्या म्हणाली. "मधला भाग झाला आणि म्हणाली, आता गोट. मी म्हटलं, अगं काठ राहिलाय. म्हणाली, राहू दे मोकळा. तापात माणूस काहीही बोलतं. गोट लावला, आणि त्याच रजईत..." आत्यानं दोरा दातानं तोडला. "पुढचं तुला माहीत आहे."

टिटवीला आईचा अर्धवट राहिलेला काठ दिसत राहिला. हातानं केलेली वस्तू पुरी व्हायलाच हवी, असं ती मानायची. तिकडच्या वर्गात ती यावर तावातावानं भांडली होती. मशीनच्या रजया पुऱ्या असतात म्हणून जग त्या विकत घेतं. आपल्या बायकांनी अर्धवट कामाला माया हे नाव देऊन स्वतःचीच किंमत घालवली. आणि तिच्याच घरात, तिच्याच बापाच्या अंगावर, अर्धवट रजई होती.

"काठ भरायचा की नाही?" तिनं विचारलं.

"भरला नाही तर कापूस फिरत राहील," आत्या म्हणाली. "भरायचा तर कसा, ते बघावं लागेल."

३

दुसऱ्या दिवशी गोळा डोक्याकडच्या काठात होता.

बाबा झोपेत पाय झाडत असतील, टिटवी स्वतःला म्हणाली. पाय झाडले की कापूस ढकलला जातो. पण मग तो पायांकडून डोक्याकडे जाताना सबंध लांब बाजू चालून गेला असणार, कारण मधल्या दाट टाक्यांतून जायला वाटच नव्हती. आणि बाबांचे पाय हलल्याची तर चादरीवर सुरकुतीसुद्धा नव्हती. तरी काय झालं. कापूस हलका असतो. हवेनं सरकतो.

रजईला ऊन दाखवायचं म्हणून तिनं ती मागच्या अंगणात दोरीवर टाकली. बाबांनी मूठ सोडायला कुरकुर केली, पण सोडली. दोरीवर रजई मधोमध दुमडून लोंबत होती. गोळा एका बाजूच्या काठात अगदी खाली, कोपऱ्याजवळ आला होता. हे बरं झालं. खालीच यायला हवा. वजन खाली येतं.

ती आत जाऊन बाबांची औषधं देऊन आली, तेव्हा गोळा वर चढला होता. दोरीच्या जवळ, काठ जिथे दुमडतो तिथे तो थांबला होता, डोंगर चढून गेलेलं माणूस माथ्यावर दम खायला थांबतं तसा.

टिटवी बराच वेळ बघत राहिली. मग तिनं कपडे वाळत घालायचे दोन चिमटे घेतले आणि गोळ्याच्या दोन्ही अंगांना काठावर लावून टाकले. पोरकटपणा होता, पण तेवढ्यानं तिला बरं वाटलं. तिनं गोळ्यावर तळवा ठेवला. कोमट. ऊन लागल्यावर कोमट होणारच. मग तिनं अस्तराच्या बाजूनं, सावलीतून हात घातला. बाकीचं अस्तर गार होतं. तिथे कोमट होतं.

"टिटवे," आतून बाबांचा आवाज आला. "चिमटे काढ गं."

बाबांच्या खोलीची खिडकी रस्त्याकडे होती. अंगण त्यांना दिसत नव्हतं.

४

"तुम्हाला कसं कळलं?" रजई अंगावर घालताना तिनं विचारलं.

"काय?"

"चिमट्यांचं."

"अवघडल्यासारखं झालं," बाबा म्हणाले, आणि त्यांची उजवी मूठ काठावर बसली. मुठीला काठ मिळाला तसा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. ते आता चांगले शांत, जवळजवळ खुशीत दिसत होते. टिटवीनं ठरवलं, अशा वेळी बोलून घ्यावं.

"बाबा, आज दारापर्यंत जाऊ या. मी धरते. आत्या दुसऱ्या बाजूनं धरेल."

"जाऊ की. ती येऊन गेली की जाऊ."

"कोण?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं. तिनं काहीतरी अगदी बाळबोध विचारलं, असं त्यांच्या नजरेत होतं. "सध्या पायाशी आहे. दुपारपर्यंत येते हाताशी. थोडा वेळ थांबते. मी झोपलेला असलो आणि चुकामूक झाली तर पुन्हा सगळा फेरा पडतो तिला."

"काल आली होती?"

"आली होती ना."

"मग काल का नाही उठलात?"

"गेली लगेच. पुन्हा येणार म्हटल्यावर उठून कसं चालेल?"

हे भ्रमिष्टपण होतं का दुःख होतं, तिला ठरवता येईना, दोन्ही असेल. पण एक गोष्ट तिला स्वच्छ दिसली. गोळा काठातून फिरत राहणार, बाबा तो हाताशी येण्याची वाट बघणार, आला की पुढच्या फेऱ्याची वाट बघणार, आणि तोवर त्यांचे पाय सुकत जाणार. वाट बघणं बंद झाल्याशिवाय हा माणूस उठणार नव्हता. काठ मोकळा होता म्हणून वाट बघणं चालू होतं.

दुपारी तिनं मुद्दाम डोकावलं. बाबा टक्क जागे होते. मूठ उघडून त्यांनी तळवा काठावर पालथा ठेवला होता आणि तळव्याखाली काठ उचललेला होता. बाबा अंगठ्यानं त्याला हळूहळू थोपटत होते.

५

"भरायचा," टिटवीनं शिवणघरात येऊन सांगितलं. "जवळ जवळ, आडव्या रेघा. शिडीच्या पायऱ्यांसारख्या. कापसाला हलायला जागाच ठेवायची नाही."

"टिटवी समुद्र आटवायला निघाली," आत्या म्हणाली, पण तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. बाबा तिचा धाकटा भाऊ होता. तो जगावा असं तिलाही वाटत होतं. "भर. पण गोट आधी उसवावा लागेल. सगळा नको, एका बाजूचा वीतभर. भरत भरत तिकडे यायचं, जे काय पुढे सरकत येईल ते त्या तोंडातून बाहेर काढायचं, मग गोट पुन्हा शिवायचा."

"गोट नाही उसवायचा."

"अगं, मग सरकलेलं जाणार कुठे?"

"आत्या, ते आईचे शेवटचे टाके आहेत." टिटवीनं रजईचा कोपरा आत्याच्या मांडीवर ठेवला. "बघ ना. इथे सरळ आहेत. इथे हात थरथरलाय. इथे बहुतेक थांबली, कारण पुढे दोरा वेगळा आहे. मी तेव्हा इथे नव्हते. मला तिच्या शेवटच्या दिवसांतलं एवढंच मिळालंय, आणि तेच मी कापू?"

चष्मेवालीनं दोन्ही चष्मे काढले आणि पदरानं पुसले. "नका उसवू," ती म्हणाली. "कापूसच आहे. दाबला जाईल."

आत्यानं कातर उचलली, पातं गोटाच्या पहिल्या टाक्यापर्यंत नेलं आणि तसंच धरून ठेवलं. टाका वाकडा होता, पोराच्या हातचा असावा तसा. आत्यानं आयुष्यभर दुसऱ्यांचे वाकडे टाके निष्ठुरपणे उसवले होते. तिनं कातर खाली ठेवली.

"मलाही नाही होत," ती म्हणाली. "भर तशीच."

बाबांना दाढी करायला बसवलं, तेव्हा टिटवीनं रजई घेतली. काठ दुरुस्त करून आणते, असं सांगितलं.

"लवकर आण," बाबा गालाला साबण लागलेला असतानाच म्हणाले. "आणि घट्ट धरू नकोस."

६

चौकटीवर रजई ताणली तेव्हा गोळा दिसला नाही. कापूस पसरला असेल, टिटवीला वाटलं, आणि तिला हलकं वाटलं. तिनं डोक्याकडच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. सुई खाली, सुई वर, बोटावरच्या अंगुस्तानानं दाबून दोरा ओढायचा. एक आडवी रेघ, मग बोटभर सोडून दुसरी. पिवळ्या काठावर टाके सुंदर दिसत होते. आईच्या मुंग्यांच्या रांगेला लागूनच तिची रांग निघाली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला वाटलं की आपण घरी आलो.

पहिली बाजू भरून झाली. लांब बाजूच्या मध्यावर आल्यावर तिला पुढे, कोपऱ्यापाशी, काठ उचललेला दिसला. ती एक रेघ पुरी करायची आणि तो थोडा पुढे असायचा. ती थांबली की तोही थांबायचा. टाक्यांनी कापूस लोटला जातो, हे तर आत्यानंच सांगितलं होतं. फक्त लोटला गेलेला कापूस सुईला चिकटून राहतो. हा सुईपासून अंतर ठेवून होता.

"आत्या, इकडे ये," ती म्हणाली. आवाज सहज ठेवायचा तिनं प्रयत्न केला.

आत्या येऊन समोर बसली. चष्मेवाली आली आणि चौकटीच्या पलीकडे उभी राहिली. दुपार होती, रस्त्यावरून भाजीची गाडी ओरडत चालली होती. पायाकडची बाजू भरून झाली. दुसरी लांब बाजू अर्धी झाली. गोळा आता लिंबाएवढा नव्हता. जागा कमी होत गेली तसा तो वाढत गेला होता. काठ फुगून ताणला गेला होता आणि पिवळं कापड पारदर्शक व्हायच्या बेताला आलं होतं. आत काय आहे ते बघायला टिटवी वाकली नाही. आत्यानं मान दुसरीकडे वळवली होती.

"अजूनही उसवता येईल," आत्या हळूच म्हणाली. "इथे, कडेला. दोन टाके."

टिटवीनं खोलीच्या दाराकडे बघितलं. आत बाबा आंघोळीनंतर धुतलेले कपडे घालून पलंगावर वाट बघत बसले होते. बसले होते. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा आपणहून बसले होते, रजई अंगावर नव्हती म्हणून.

"बघ ना," ती म्हणाली. "रजई दूर केली तर बसले. नाही आत्या. पुरं करू."

शेवटचा तुकडा हाताच्या पंजाएवढा राहिला. सुई घालायला तिला आता जोर लागेल असं वाटलं होतं. जोर लागला नाही. सुईचं टोक कापडाला टेकलं आणि खालून कुणीतरी ती ओढून घेतली. मग वर आली. पुन्हा टेकवली, पुन्हा ओढली गेली. तिचं काम फक्त बोट टेकवण्याचं उरलं. टाके तिच्या टाक्यांहून बारीक पडत होते.

मग काठ बसला. हवा निघून जावी तसा आवाजही आला नाही. फुगलेला भाग नव्हताच असा सपाट झाला. टिटवीनं गाठ मारली आणि चारी बाजूंनी हात फिरवला. पातळ, गार, निर्दोष रजई.

"दाबला गेला," चष्मेवाली म्हणाली.

७

बाबांनी रजई मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी काठ चाचपायला सुरुवात केली. एका कोपऱ्यापासून, बोटं पुढे सरकवत, रजई मांडीवर फिरवत त्यांनी सबंध फेरा पुरा केला. चेहऱ्यावर काही नव्हतं. पुन्हा एक फेरा केला. मग रजईची नीट घडी घातली, सुतारानं फळी ठेवावी तशी उशाला ठेवली आणि पाय जमिनीवर सोडले.

"बाबा," टिटवी पुढे धावली.

"राहू दे," ते म्हणाले. "जमतंय."

ते उठले. पाय लटपटले, पण त्यांनी भिंतीला हात लावला आणि उभे राहिले. मग भिंतीला धरून एक पाऊल, दुसरं पाऊल. आत्या दारात उभी राहून तोंडाला पदर लावून रडली. चष्मेवाली म्हणाली, बघा, माणसाला कशाची ऊब धरून ठेवते सांगता येत नाही. टिटवीला वाटलं, आपण दूरदेशी जे शिकलो, ते सगळं या एका क्षणासाठी शिकलो. अर्धवट राहिलेलं पुरं केलं की माणसं मोकळी होतात. तिनं मनात आईला हाक मारून सांगितलं, बघ, उठवलं.

बाबा भिंत धरून खिडकीपर्यंत गेले, खिडकीखालून कोपऱ्यात, कोपऱ्यातून पुढच्या भिंतीला. तळवा भिंतीवर पालथा, सरकत. संध्याकाळपर्यंत ते चालत होते.

"आज पुरे," आत्या म्हणाली. "ये, इकडे येऊन बस. चहा घे."

चहा खोलीच्या मधोमध स्टुलावर होता. बाबांनी चहाकडे बघितलं, मग आत्याकडे. "तिथे कसा येऊ?" त्यांनी विचारलं.

आत्यानं कप भिंतीपाशी नेऊन दिला.

८

पलंग भिंतीला टेकून होता. बाबा आता पलंगावर झोपत नव्हते. पलंग आला की ते पलंग आणि भिंत यांच्यामधून पलीकडे जायचे. पलंग थोडा पुढे आला असेल. ओढल्यानं येतो. टिटवीनं ते फारसं मनावर घेतलं नाही. त्यांची पावलं आता लटपटत नव्हती. जेवायचे उभ्यानं, भिंतीला खांदा लावून, आणि तोंडातला घास संपायच्या आत पुढे निघालेले असायचे.

"बारीक झालाय," आत्या एका सकाळी म्हणाली.

टिटवीनं नीट पाहिलं. बारीक नव्हे. समोरून बाबा पहिल्यासारखेच रुंद होते. खांदे, छाती, सगळं होतं. वळताना कोपऱ्यात बाजूनं दिसले तेव्हा तिला कळलं. ते पातळ झाले होते.

ती पुढे होऊन त्यांचा हात धरायला गेली. "बाबा, एकदा माझ्याकडे या. एकच पाऊल, इथे, मधे."

"तिथे मधे टाके आहेत गं," बाबा म्हणाले. त्यांनी ते समजुतीनं सांगितलं, लहान मुलीला सांगावं तसं. त्यांचा हात तिच्या मुठीत आला तेवढ्यात निसटला, आणि ते कपाटाकडे निघाले.

ते कपाट त्यांनी स्वतः भिंतीत ठोकलं होतं. मागे फळी, फळीमागे पट्ट्या, पट्ट्या भिंतीत. मागे हवासुद्धा जात नव्हती. एकदा पेन्सिल मागे पडली असेल असं वाटून टिटवीनं लहानपणी फुटपट्टी घालून पाहिली होती. ती आत शिरली नव्हती. बाबा कपाटाच्या कडेशी पोचले. टिटवी डोळे मिटून उभी राहिली. तिला तळवा ऐकू येत होता. चुन्यावरून सरकणारा कोरडा, एकसारखा आवाज. तो कपाटाच्या अलीकडून आला. मग कपाटाच्या मागून आला, थोडा दबलेला. मग पलीकडून.

तिनं डोळे उघडले तेव्हा बाबा पलीकडच्या भिंतीला होते आणि त्यांच्या शर्टाच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही अंगांना चुना लागला होता.

९

तिनं काठ उसवला. आपले सगळे टाके, एक एक. मग आईचा गोटही, थरथरलेल्या टाक्यांसकट. या वेळी आत्याचा हात अडला नाही, तिनं दुसऱ्या बाजूनं कातर चालवली. आत कापूस होता. चांगला, पिंजलेला, पांढरा कापूस, सगळीकडे सारखा पसरलेला. तो कितीही वेळ हाताळला तरी कापूसच राहिला. टिटवीनं मोकळी रजई नेऊन भिंतीपाशी पसरली. बाबा तिच्या कडेला आले, एक पाय उचलला, आणि ती ओलांडून पुढे गेले. त्यांना तिच्याशी काही कर्तव्य उरलं नव्हतं.

मग दोघींनी पलंग खोलीच्या मधोमध ओढला. टेबल, खुर्च्या, स्टूल, सगळं मधे आणलं. कपाट हललं नाही.

"दार उघड," आत्या म्हणाली. ती त्या ढिगाला टेकून बसली होती आणि एकदम म्हातारी दिसत होती. "बंद आहे म्हणून तो असा फिरतोय. उघड आणि जाऊ दे त्याला. मी आधीच सांगितलं होतं, सरकणाऱ्याला कुठेतरी बाहेर पडायला जागा लागते."

"बाहेर कुठे जातील?"

"जाईल भिंतीभिंतीनं."

"शिवणघराच्या भिंती, मग दार, मग रस्ता. आणि रस्त्याच्या भिंतींना शेवट कुठे असतो, आत्या? कपाटामागे जे होतं ते त्यांना घरोघरी होईल. मी त्यांना शोधू कुठे? कुठल्या दोन घरांच्या मधे?"

"इथे ठेवून तरी काय करणार आहेस?"

बाबा उठावेत म्हणून ती आली होती. बाबा उठले होते. ते चालत होते, थकत नव्हते, जेवणही आता मागत नव्हते. दरवेळी दारापाशी आले की त्यांची गती कमी व्हायची. तळवा दाराच्या फळीवर थांबायचा, फटीवरून वरखाली फिरायचा, आणि मग पुढे सरकायचा. आज तो जास्त वेळ थांबला होता. कडीच्या आसपास.

"मी नाही सोडणार," ती म्हणाली. आत्यानं तिच्याकडे बघितलं आणि उठून बाहेर गेली. तिच्यामागे टिटवीनं दार ओढून घेतलं, कडी घातली, दाराला पाठ लावली आणि खाली बसली. पाठ नीट दाबून बसली. खांदे, कंबर, डोक्याची मागची बाजू, सगळं लाकडाला टेकलेलं. लाकूड गार होतं. रस्त्यावर माणसांची ये-जा चालू होती, खिडकीतून उन्हाचा पट्टा ओढून आणलेल्या खुर्च्यांवर पडला होता. आता बाबा आले की थांबतील. तिला ओलांडता येणार नाही. ओलांडायचं तर खोलीच्या आत, मधल्या बाजूनं यावं लागेल. एक पाऊल तरी. तेवढं एक पाऊल टाकलं की ती त्यांना मिठी मारून धरणार होती.

तळव्याचा आवाज खिडकीपाशी होता. मग कोपऱ्यात. मग तिच्या भिंतीवर आला. तिनं मान वळवली नाही, पण डोळ्याच्या कडेला तिला शर्टाची बाही दिसली, चुन्यानं पांढरी.

"बाबा," ती म्हणाली. "इकडून या. मी आहे इथे."

आवाज तिच्या डाव्या खांद्याशी येऊन थांबला. समोरचा पलंग, खुर्च्या, उन्हाचा पट्टा, सगळं तिला दिसत होतं. तिच्यासमोर कुणी आलं नाही.

मग तिच्या पाठीत आणि दारात, जिथे दोराही शिरला नसता, तिथे एक तळवा पालथा झाला आणि डाव्या खांद्याकडून उजव्या खांद्याकडे, सावकाश, सुरकुती काढावी तसा, सरकत गेला.